यंत्राच्या पाठीलाही हवा लागते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वास्तू पुरवणीत घरातल्या वाइन सेलरवर, म्हणजे वाइन साठवण्याच्या थंड खोलीवर, आलेला सचित्र लेख वाचला. फडताळांचं लाकूड, काचेची भिंत, दिव्यांची मांडणी यांवर लेखकानं मनापासून लिहिलं आहे. थंडाव्याच्या यंत्राचा विषय मात्र दोन वाक्यांत संपतो: छोटं कूलिंग युनिट बसवावं आणि सेलरमध्ये हवा खेळती राहील असं पाहावं. मी शीतकरणाची यंत्रं बसवण्याचं आणि दुरुस्त करण्याचं काम करतो. यातल्या दुसऱ्या वाक्यावर विसंबून कुणी थंड खोलीला झरोका ठेवला, तर वाइनही जाईल आणि भिंतही जाईल. म्हणून हे पत्र.

खेळत्या हवेचा सल्ला येतो जुन्या, यंत्राविनाच्या तळघरांवरून. जमिनीत सात-आठ मीटर खाली तापमान वर्षभर जवळपास स्थिर असतं, आणि ते त्या जागेच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या आसपास असतं. ज्या प्रदेशात ही सरासरी १० ते १२ अंश सेल्सिअस आहे, तिथे खोल तळघर आपोआप वाइनजोगं राहतं आणि झरोक्यातून ओल बाहेर जाते. उष्ण प्रदेशात जमिनीत तेवढंच खाली गेलं तरी माती २५ अंशांच्या पुढे असते. तिथे यंत्राला पर्याय नाही. आणि एकदा यंत्र आलं, की सेलर फ्रिजसारखा बंद असावा लागतो. हवा खेळती हवी ती यंत्राच्या पाठीमागे. बाटल्यांच्या बाजूला नव्हे.

वाइनला साधारण १२ ते १४ अंश तापमान आणि ५० ते ७० टक्के आर्द्रता मानवते. हवा फार कोरडी झाली तर बुचाचं बाहेरचं टोक सुकून आक्रसतं आणि हवा आत शिरते. फार दमट झाली तर लेबलांवर बुरशी चढते. तापमान सारखं वरखाली झालं तर आतला द्रव फुगतो-आक्रसतो आणि बूच ढिलं पडतं. घरातला साधा एसी या कामाला चालत नाही, तो यामुळेच. बहुतेक एसी १६ अंशांच्या खाली सेटच होत नाहीत. काही जण सेन्सरला फसवून त्यांना आणखी खाली नेतात. मग कॉइलवर, म्हणजे हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या वेटोळ्यावर, बर्फ धरतो, हवेचा मार्ग बंद होतो, आणि तोवर खोलीतली ओल कॉइलनं शोषून ड्रेनमधून बाहेर टाकलेली असते. सेलरच्या युनिटची कॉइल आकारानं मोठी असते आणि खोलीपेक्षा थोडीच जास्त थंड चालते, त्यामुळे हवेतली ओल बरीचशी हवेतच राहते.

आता मुद्द्याचं. कूलिंग युनिट थंडावा तयार करत नाही. ते सेलरमधली उष्णता उचलतं आणि दुसरीकडे टाकतं. समजा, युनिट सेलरमधून १,००० वॅट उष्णता उचलतं आणि त्यासाठी स्वतः ४०० वॅट वीज घेतं. युनिटच्या पाठीमागे उष्णता बाहेर टाकणारा जो भाग असतो तो कंडेन्सर; त्यातून बाहेर पडणारी उष्णता या दोन्हींची बेरीज असते, १,४०० वॅट. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता टाकतो. म्हणजे युनिटची पाठ ज्या खोलीत उघडते, त्या खोलीत चौदा माणसं दार लावून बसली आहेत असं धरावं.

ही खोली बहुतेक घरांत कोणती असते? जिन्याखालची अडगळ, कपड्यांची कोठडी, नाहीतर फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी. आवाज आणि गरम वारा दिवाणखान्यात नको म्हणून युनिटची पाठ तिकडे वळवली जाते. भिंतीत आरपार बसणारी बरीच युनिटं पाठीमागच्या हवेपेक्षा सेलर साधारण १५ ते १७ अंशच खाली ठेवू शकतात. अडगळीत ३० अंश असले तर सेलर १३ वर टिकतो. अडगळ ३८ वर गेली की कॉम्प्रेसर दिवसरात्र चालूनही सेलर २१-२२ च्या खाली येत नाही.

एका घरात मला बोलावलं ते 'गॅस कमी आहे, भरून द्या' म्हणून. सकाळी सेलर ठीक असायचा, संध्याकाळी १९ अंशांवर. आधीच्या मेकॅनिकनं गॅस भरला होता, तरी फरक नव्हता. उलट कॉम्प्रेसर दुपारी ओव्हरलोडवर ट्रिप व्हायला लागला होता. युनिटची पाठ सामानाच्या कोठडीत होती आणि कोठडीला हवेची एकही वाट नव्हती. दार लावून यंत्र चालू ठेवलं आणि कंडेन्सर जिथून हवा ओढतो तिथे थर्मामीटर लावला. काही तासांत तो ४४ वर गेला. गॅस मुळात कमी नव्हताच. गरम हवेत कंडेन्सरचा दाब आधीच वाढतो. त्यात वरून गॅस घातला की दाब आणखी चढतो, कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो आणि ओव्हरलोड त्याला बंद करतो. तो थंड होईपर्यंत सेलर तापतो, मग पुन्हा तेच चक्र. जादा गॅस काढला, कोठडीच्या दाराला खाली जाळी बसवली, वरून डक्ट काढून घराबाहेर नेला आणि डक्टच्या पंख्याला कॉम्प्रेसरसोबत जोडलं. सेलर १३ वर आला आणि तिथेच राहिला.

पंखा किती मोठा हवा, याचा हिशेब कुणालाही करता येतो. १,४०० वॅट उष्णता वाहून न्यायची आणि कोठडीतली हवा बाहेरच्यापेक्षा ५ अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, तर सेकंदाला सुमारे ०.२३ घनमीटर हवा बदलावी लागते. तासाला ८०० घनमीटरपेक्षा जास्त. बाथरूमला लावतात तो सहा इंची एक्झॉस्ट याच्या निम्मीही हवा ओढत नाही. आणि जेवढी हवा बाहेर जाईल तेवढी आत यायला वाट लागते. ही गोष्ट सर्रास विसरली जाते. हवा २ मीटर प्रतिसेकंद वेगानं आत यावी असं धरलं तर सुमारे ३४ सेंटिमीटर लांब आणि तेवढीच रुंद मोकळी जागा हवी. लूव्हरच्या जाळीत जवळजवळ निम्मी जागा पट्ट्याच व्यापतात, म्हणून जाळी साधारण ५० सेंटिमीटर लांब आणि तेवढीच रुंद घ्यावी. घरमालकांना ही जाळी कुरूप वाटते, हे मला समजतं. ती दाराच्या खालच्या भागात लाकडी पट्ट्यांची करून घेता येते, पण टाळता येत नाही.

आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा एकमेकींत मिसळू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. दोन्ही एकाच जाळीतून चालल्या तर कंडेन्सर स्वतःचीच गरम हवा परत ओढतो. मध्ये पत्र्याचा आडपडदा टाकावा, नाहीतर एक वाट जमिनीलगत आणि दुसरी छताजवळ ठेवावी. गरम हवा माळ्यावर सोडू नका, दुपारी माळा आधीच तापलेला असतो. एसी असलेल्या बेडरूममध्ये सोडली तर एसीला तो सगळा भार उचलावा लागतो आणि विजेचं बिल दोनदा भरावं लागतं. ज्या खोलीत गॅस गीझर किंवा ज्वलनाचं दुसरं उपकरण आहे, तिथे तर असा ओढणारा पंखा बसवूच नये. खोलीतला दाब कमी झाला की गीझरचा धूर उलटा घरात येतो, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

जागा आणि हात मोकळा असेल तर स्प्लिट युनिट घ्यावं असं माझं मत आहे. कंडेन्सर घराबाहेर सावलीत बसतो आणि वरचे अर्धे प्रश्न मिटतात. मात्र काम नीट करून घ्या. तांब्याचे पाइप ज्योतीनं जोडताना आतून नायट्रोजन सोडला नाही तर पाइपात तांब्याच्या ऑक्साइडची काळी खपली धरते. मग व्हॅक्यूम पंपानं आतली हवा आणि ओल पूर्ण काढूनच गॅस सोडायचा. सक्शनच्या, म्हणजे थंड गॅस कॉम्प्रेसरकडे परत नेणाऱ्या, पाइपाला सलग इन्सुलेशन हवं, नाहीतर त्यावर पाणी सुटतं. आउटडोअर युनिट भिंतीला चिकटवू नये, कोनाड्यातही कोंडू नये.

युनिटमध्ये कोणता गॅस आहे ते लेबलवर पाहून घ्या. आर-२९० म्हणजे प्रोपेन आणि आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन. दोन्ही ज्वलनशील आहेत आणि हवेपेक्षा जड, त्यामुळे गळती झाली तर तळघराच्या तळाशी साचतात. घरगुती युनिटमध्ये त्यांचं प्रमाण थोडं असतं, पण दुरुस्ती करताना दार उघडं आणि ज्योत लांब, हा नियम मोडायचा नाही.

लेखातल्या फोटोंमध्ये काचेची भिंत फार सुंदर दिसते. तिच्याबद्दलही थोडं सांगतो, कारण युनिट केवढं घ्यायचं ते तीच ठरवते. बाहेर ३० आणि आत १३ अंश असताना ६ चौरस मीटरच्या एकेरी काचेतून साडेपाचशे वॅटच्या आसपास उष्णता आत येते. दुहेरी काचेतून सुमारे निम्मी. तेवढ्याच भिंतीला १०० मिलिमीटर पफ (पॉलियुरेथेन फोम) भरलं असेल तर जेमतेम पंचवीस वॅट. शिवाय बाहेरच्या ३० अंशांच्या हवेत ६० टक्के आर्द्रता असेल तर तिचं दवबिंदू तापमान, म्हणजे ज्याच्या खाली वाफेचं पाणी होऊ लागतं ते, सुमारे २१ अंश असतं. एकेरी काचेचा बाहेरचा पृष्ठभाग १८ च्या आसपास राहतो, म्हणजे तिच्यावरून पाणी ओघळणारच. दुहेरी काच २४ च्या जवळ राहते आणि कोरडी दिसते.

तीच ओल भिंतीतही शिरते, फक्त तिथे ती दिसत नाही. दमट हवा इन्सुलेशनमधून थंड बाजूकडे सरकते आणि मध्येच तिचं पाणी होतं. लाकूड कुजतं, इन्सुलेशन भिजून निकामी होतं. ती अडवायला प्लास्टिकचा जाड कागद इन्सुलेशनच्या गरम बाजूला, म्हणजे सेलरच्या बाहेरच्या अंगाला, सलग लावायचा. छतालाही आणि सांध्यांनाही. तो आतून लावला तर पाणी भिंतीतच कोंडतं. जुन्या खोलीत बाहेरून हात पोहोचत नसेल तर बंद पेशींचा फोम फवारून घ्यावा, तो दोन्ही कामं करतो. दार बाहेरच्या दाराइतकं भरीव, चारी बाजूंनी गास्केट आणि खाली फट नाही. हे सगळं झाल्यावर यंत्राचं माप काढायचं. आमच्याकडे मात्र लोक यंत्र विकत घेऊन येतात आणि मग खोली दाखवतात.

ड्रेनचा पाइप उतारावर असावा आणि त्याला पाण्याचा ट्रॅप (पाणी साचून हवा अडवणारं वळण) असावा, नाहीतर त्यातूनच बाहेरची दमट हवा आत येते. युनिटच्या तोंडासमोर फडताळ येऊ देऊ नका. कॉम्प्रेसरची थरथर फडताळाला पोहोचू नये म्हणून रबरी पॅड घाला. कंडेन्सरची धूळ काढायला आणि वेळ आली तर अख्खं युनिट बाहेर काढायला जागा सोडा. प्लॅस्टरमध्ये पक्कं चिणलेलं युनिट दुरुस्त करायला मला छिन्नी-हातोडा घेऊन जावं लागलं आहे, आणि ती धूळ त्यांच्या सगळ्या बाटल्यांवर बसली.

सुरुवातही घाईनं करू नये. ५०० बाटल्यांत ३७५ लिटर द्रव असतो. तो ३० वरून १३ वर आणायला सुमारे साडेसात युनिट विजेइतकी उष्णता बाहेर काढावी लागते. भिंती-काचेचा भार सांभाळून यंत्राकडे ५०० वॅट शिल्लक राहत असतील, तर एवढ्याला पंधरा तास लागतात, आणि बाटल्यांची काच व फडताळ धरून आणखी जास्त. सेलर आधी रिकामा थंड करावा, मग बाटल्या थोड्या-थोड्या आणाव्यात. सेन्सर हवेत लोंबकळत ठेवण्यापेक्षा पाण्याच्या बाटलीत बुडवला तर दार उघडल्याबरोबर कॉम्प्रेसर धावत नाही.

आपल्या पुरवणीला माझी विनंती आहे. असा लेख पुन्हा छापाल तेव्हा सेलरच्या सुंदर फोटोशेजारी युनिटच्या पाठीमागच्या खोलीचाही एक साधा नकाशा द्यावा: हवा कुठून येते, कुठून जाते, जाळी केवढी, डक्ट कुठे उघडतो. घर बांधणाऱ्यांनीही वास्तुविशारदाकडे हा नकाशा पाया खोदण्याआधी मागावा आणि काम ताब्यात घेताना पाठीमागच्या खोलीचं दार लावून, वर्षातल्या सर्वांत गरम दिवसांतल्या दुपारी, कंडेन्सरजवळचं तापमान मोजून घ्यावं. यंत्र बसवणारा या मोजणीला तयार नसेल तर त्याचा हिशेब पूर्ण करू नये.

आपला,
एक वाचक, शीतकरण तंत्रज्ञ