घर हवंय ते पायी चालता येईल अशा ठिकाणी

मा. गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

माझे आजोबा लालबागच्या चाळीत राहायचे. कापड गिरणीच्या पहिल्या पाळीचा भोंगा झाला की डबा उचलायचे आणि दहा मिनिटांत खात्यात हजर. बाजार, दवाखाना, मुलांची शाळा, भजन, सगळं पायाखालचं. गाडीचं तिकीट काढायची वेळ फक्त गावी जातानाच यायची.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे गिरणगाव विस्कटलं. मुंबईच्या 1991 च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीतला साधारण तिसरा हिस्सा म्हाडाच्या घरांसाठी होता. 2001 मध्ये नियम बदलला, हिस्सा फक्त मोकळ्या जमिनीवर मोजायचा ठरलं. टॉवर उभे राहिले, कामगारांच्या वाट्याची जमीन आटली. घरासाठी कामगारांचे आणि त्यांच्या वारसांचे दीड लाखाहून जास्त अर्ज आहेत, आणि 81 हजार घरं द्यायचं ठरलं ते शेलू-वांगणीत. बदलापूरच्याही पुढे, जिथे लोकल मोजक्याच. कामगार आझाद मैदानात बसले ते उगाच नाही.

लांब राहणं म्हणजे काय, ते मी रोज भोगते. कल्याणच्या पुढे राहते. घरापासून स्टेशन जेमतेम सव्वा किलोमीटर. फुटपाथ आहे, पण त्यावर आधी विजेचा डीपी, मग ओळीने लावलेल्या दुचाकी, पुढे गटाराचं तुटलेलं झाकण. आईचे गुडघे दुखतात. दर वेळी फुटपाथवरून उतरताना ती माझं मनगट आवळते, आणि मागून शेअर रिक्षा हॉर्न मारत येते. गेलं वर्षभर ती एकटी बाहेर पडलेली नाही. माझे दिवसाचे चार तास प्रवासात जातात, त्यातले निम्मे उभ्याने.

साहेब, होत नाही असं नाही. वरळीच्या बीडीडी चाळीत ऑगस्ट 2025 मध्ये 556 कुटुंबांना होती तिथेच 500 चौरस फुटांची घरं मिळाली. शेजार तोच, शाळा तीच. मग गिरणी कामगारानेच का गाव सोडायचं? मुंबईत सरकारच्या जमिनी आहेत, त्यांवर आधी या माणसांची घरं बांधा. ज्यांना विकत घेणं झेपत नाही त्यांच्यासाठी भाड्याची बांधा. आणि जे आधीच लांब फेकले गेलेत त्यांच्यासाठी कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका लवकर पुरी करून घ्या. 2019 मध्ये मंजूर झाली आहे ती. रेल्वे केंद्राची असली तरी या खर्चात राज्याचाही वाटा आहे, तेव्हा तुमच्या शब्दाला तिथे वजन आहे. स्टेशनपासून दोन किलोमीटरपर्यंतचे फुटपाथ मात्र पालिकेच्या आणि राज्याच्या हातातले आहेत. त्यासाठी दिल्लीला विचारावं लागत नाही.

आजोबांचं गिरणीतलं ओळखपत्र आणि अर्जाची पावती आईने एकाच प्लास्टिकच्या पिशवीत, देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली आहे. घरांच्या लॉटरीची बातमी आली की ती पिशवी काढते, नंबर बघते, परत ठेवते. तिचं वय आता एकाहत्तर आहे.

आपली,
एका गिरणी कामगाराची नात