‘कंपनीचा आहे ना’ म्हणून थांबू नका

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला आरोग्य विम्यावरचा लेख वाचला. ‘तिशीच्या आत स्वतःच्या पॉलिसीची घाई नको, कंपनीचे कवच पुरेसे आहे, ते पैसे एसआयपीत घाला’ हा सल्ला हिंजवडीत नोकरी करणाऱ्या आमच्या सत्तावीस वर्षांच्या मुलाने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिले, ‘आई, बघ, पेपरातही तेच आहे.’ वर्षभर मी त्याच्या मागे लागले आहे. तुमच्या एका पानाने ते सगळे पाण्यात गेले, म्हणून हे पत्र.

नवी पॉलिसी घ्यायला असलेली पासष्ट वर्षांची वयाची अट निघाली, आता कधीही पॉलिसी घेता येते, असे लेखात आहे. अट २०२४ मध्ये निघाली हे खरे. पण पॉलिसी हातात असणे वेगळे आणि तिच्यातून पैसे मिळणे वेगळे. पॉलिसी घेतल्यावर आधीपासूनच्या आजारांसाठी काही वर्षे पैसे मिळत नाहीत, तो ‘प्रतीक्षा काळ’. एवढ्या मोठ्या लेखात हा शब्द एकदाही नाही, याचा मला फार राग आला.

माझे यजमान भोसरीतल्या एका कारखान्यात एकतीस वर्षे होते. कंपनीच्या विम्यात पहिल्या दिवसापासून सगळे आजार धरलेले. माझे पित्ताशयाचे ऑपरेशन त्यातच झाले. २०१० साली ह्यांना साखर निघाली, पुढे बीपीची गोळीही सुरू झाली. माझा धाकटा भाऊ सांगायचा, ‘भाऊजी, छोटी का होईना, स्वतःची एक पॉलिसी काढून ठेवा.’ ह्यांचे उत्तर ठरलेले, ‘कंपनीचा आहे ना!’ मे २०२१ मध्ये निवृत्त झाले, तो विमाही संपला. कोविडची दुसरी लाट चालू होती. घाबरून पंधरा दिवसांत पॉलिसी घेतली. फॉर्मवर साखर, बीपी, गोळ्यांची नावे, सगळे खरे लिहिले. हप्ता वाढवून लागला, तोही भरला.

जानेवारी २०२३ मध्ये पहाटे ह्यांच्या छातीत दुखायला लागले. रिक्षाने घराजवळच्या रुग्णालयात नेले, दुपारपर्यंत दोन स्टेंट टाकले. संध्याकाळी रुग्णालयातल्या टीपीए डेस्कवरच्या, म्हणजे विम्याचे दावे बघणाऱ्या खिडकीवरच्या मुलीने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवून बोट ठेवले. साखर-बीपी हा आधीपासूनचा आजार, प्रतीक्षा काळाचे ४८ महिने पूर्ण नाहीत, कॅशलेस नामंजूर. आमचे वीस महिनेही झाले नव्हते. ती हळूच म्हणाली, ‘काकू, पैसे उद्या सकाळीच भरावे लागतील.’ ह्यांचे घड्याळ आणि अंगठी नर्सने रुमालात बांधून माझ्याकडे दिली होती, ती पुरचुंडी रात्रभर मुठीतच राहिली. सकाळी बँक उघडताच मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव मोडली. बिल ३ लाख ८० हजार झाले.

नारायण पेठेत विमा लोकपालांचे कार्यालय आहे, तिथे तक्रारीला पैसे पडत नाहीत, हे लोकांनी सांगितले. पण तक्रार कशाची करणार? नियम तसाच होता आणि त्याखाली ह्यांची सही होती. ह्यांनी भावाचे ऐकून नोकरीत असतानाच, अगदी २०१६-१७ मध्ये पॉलिसी घेतली असती, तरी ते ४८ महिने निवृत्तीच्या आधीच सरले असते.

१ एप्रिल २०२४ पासून ही मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली आहे. पण ती मोजतात पॉलिसी सुरू झाल्या दिवसापासूनच. शिवाय पॉलिसी सलग पाच वर्षे चालली, की ‘तुम्ही अमुक सांगितले नव्हते’ म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. ही वर्षे सत्तावीस वर्षांच्या निरोगी मुलाने मोजायला सुरुवात करायची, की अठ्ठावन्नाव्या वर्षी गोळ्यांचा डबा शेजारी ठेवून? वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे.

निवृत्त होताना कंपनीच्या विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो, आधीची वर्षे प्रतीक्षा काळात धरली जातात, हे आम्हाला फार उशिरा कळले. निरोप समारंभात ह्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ मिळाले. हे एक वाक्य कोणी सांगितले नाही. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान भारतमधून पाच लाखांचे कवच आहे, पण ह्यांना सत्तर व्हायला अजून सात-आठ वर्षे आहेत. मधल्या वर्षांचे काय, याबद्दलही लेख गप्प आहे.

आणखी एक. त्याच लेखाखाली एका विमा कंपनीची अर्धे पान जाहिरात होती. ‘सर्व आजारांवर संरक्षण’ हे बोटभर अक्षरांत आणि फुलीखालच्या अटी इतक्या बारीक, की भिंग घेऊनही मला दोन ओळी लागल्या नाहीत. जाहिरातीचे पैसे तुम्ही जरूर घ्या, पण अटी निदान बातमीच्या अक्षरांत छापायला सांगा.

प्रतीक्षा काळावर त्याच पानावर, तेवढ्याच जागेत लिहावे, ही विनंती. छापून आले की त्याचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकणार आहे.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे