ट्रामची लाईन कागदावर आखताना

मा. संपादक,

जळगावात ट्राम म्हटलं की लोकं हसतात, मुंबईची ट्राम तर १९६४ लाच बंद पडली म्हणतात. पण अमेरिकेत पोर्टलंडला २००१ मधे नवी ट्राम सुरू केली, एका टोकाला हॉस्पिटल दुसऱ्या टोकाला युनिव्हर्सिटी आणि मधे दुकानं, म्हणजे आधी माणसं कुठं जातात ते बघितलं मग रूळ टाकले. आपल्याकडे उलटं, रोड जिथं रुंद तिथंच योजना.

बांभोरीचं विद्यापीठ, आकाशवाणी चौक, अजिंठा चौफुली, एमआयडीसी हे सगळं हायवेवर एका लाईनीत येतं म्हणून कोणीही नकाशावर सरळ पट्टी ठेवून मोकळं होईल, पण मग स्टेशन आणि गोलाणी मार्केट राहिलं ना बाजूला! भुसावळ-चाळीसगावकडून रेल्वेने येणारा माणूस स्टेशनलाच उतरतो, त्याला परत रिक्षाच करावी लागणार असेल तर ट्राममधे बसेल कोण? माझ्या मते फाटा आतमधे आणायलाच पाहिजे, वळसा पडला तरी चालेल. आणि दालमिल, चटईच्या कारखान्यातली शिफ्ट सुटते त्या टायमाला गाडी पाहिजे, फक्त ऑफिस टायमाला नको.

रूळ मात्र वेगळ्या लेनमधे हवे, कलकत्त्यात ट्राम ट्रॅफिकमधे अडकून अडकूनच मागे पडली. एवढा पैसा नसेल तर याच रूटवर आधी दर दहा मिनिटाला सिटी बस सोडा, गर्दी किती होते ते आपोआप कळेल.

- एक वाचक, जळगाव