त्या एका कागदाबद्दल

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. परवा आमची मुलगी पाच महिन्यांची झाली. माझे सांधे सैल आहेत म्हणून प्रसूतीत काय जपावे, हे आपण ज्या कागदावर लिहून दिलेत, त्याबद्दलचे हे आभाराचे पत्र खरे तर बाराव्या दिवशीच लिहायला हवे होते. पण बाळाला उचलून घेताना माझी मनगटेच जागची हलत होती, त्यामुळे लेखणी धरायला उशीर झाला. कोल्हापुरात माझ्यासारखीच अवघडलेली एखादी बाई ‘होतंच असं’ हे उत्तर ऐकून घरी परतत असेल, म्हणून हे आभार सर्वांसमोर मानते आहे.

सहाव्या महिन्यात अंथरुणावर कूस बदलताना ओटीपोटाखालचे हाड कट् असे वाजत असे आणि जिना चढताना जांघेत कळ येई. याआधी एके ठिकाणी, माझा खांदा लहानपणी दोनदा निखळला होता आणि गल्लीतल्या तालमीच्या वस्तादांनी तो बसवला होता, असे सांगितल्यावर समोरची मंडळी हसली होती. आपण मात्र ‘कोणता खांदा?’ असे विचारलेत. मग करंगळ्या, अंगठे, कोपरे आणि गुडघे किती मागे वळतात ते पाहिलेत. पोटामुळे तळवे जमिनीला टेकवता येत नव्हते, तेव्हा ते पूर्वी जमायचे का, एवढेच विचारून सांध्यांच्या लवचिकतेला नऊपैकी आठ गुण दिलेत. ज्या लवचिकतेसाठी मला शाळेत योगासनांचे बक्षीस मिळाले होते, तीच माझी अडचण आहे, हे तेव्हा प्रथम कळले.

अस्थिबंध मुळातच सैल असताना गरोदरपणातील संप्रेरके ते आणखी सैल करतात, म्हणून ताण देण्याचे व्यायाम थांबवून स्नायूंना बळ द्यायचे, गुडघे जुळवूनच कूस बदलायची, मांडी घालून बसायचे नाही आणि कमरेला पट्टा बांधायचा, हे आपण सासूबाईंनाही समोर बसवून सांगितलेत. (त्यानंतर गौरीच्या जेवणाला मला खुर्ची मिळाली, यावरून आपल्या शब्दाचे वजन लक्षात यावे.) एलर्स-डॅनलॉस या, शरीराला बांधून ठेवणाऱ्या ऊती जन्मतःच सैल असण्याच्या विकाराचा रक्तवाहिन्या नाजूक असणारा गंभीर प्रकार नाही, याची जनुकतज्ज्ञांकडून खात्री करून घ्या, असा आग्रहही आपलाच होता.

पण सर्वांत मोठे ऋण त्या एका कागदाचे आहे. न दुखता माझे गुडघे किती अंतरापर्यंत उघडतात ते टेपने मोजून आपण लिहिलेत, त्यापुढे पाय ताणू नयेत, हाताला धरून ओढून उठवू नये, भुलीचा परिणाम कमी होऊ शकतो, प्रसूती झपाट्याने होऊ शकते, टाके ओढून घालू नयेत आणि रक्तस्रावावर लक्ष ठेवावे. कळा सुरू झाल्यापासून चार तासांत मुलगी झाली. सिस्टर माझे पाय वर बांधू लागल्या तेव्हा डॉक्टरांनी त्यांना आधी कागद वाचायला लावला, आणि मी कुशीवर झोपूनच बाळंत झाले. टाके घालताना सुई टोचते आहे असे मी म्हटले, तेव्हा कोणी मला नाजूक ठरवले नाही. पुन्हा भूल दिली आणि ती चढेपर्यंत थांबले.

घरी आल्यावर मालिशवाल्या मावशी बाळाचे हातपाय उलटसुलट ओढून ‘सांधे मोकळे’ करणार होत्या. बाळाला सैल सांध्यांचा हा गुण येण्याची शक्यता निम्मी आहे, असे आपण सांगितले होते, म्हणून मी त्यांना ते करू दिले नाही. त्या दोन दिवस रुसल्या. आता नुसते तेल जिरवतात.

माझ्या धाकट्या बहिणीला चौथा महिना लागला आहे, आणि तिचाही अंगठा मनगटाला टेकतो. पुढच्या सोमवारी तिला घेऊन येते. आपण मोजमाप करून तिच्यासाठीही असा कागद लिहून द्यावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
मंगळवार पेठेतील एक बाळंतीण