तीन टाकीजवळच्या अनोळखी माणसांचे आभार

जानेवारी २०२२. नाताळच्या सुट्टीत गावी गेलेलो, ओमायक्रॉनमुळे शाळा बंद झाल्या म्हणून तिथेच राहिलो. मग राज्य सरकारने २४ तारखेपासून शाळा उघडायला परवानगी दिली आणि आमच्या शाळेने बाहेरगावाहून आलेल्या मुलांचा आरटीपीसीआर रिपोर्ट मागितला. पंधरा वर्षांखालच्यांना तेव्हा लस नव्हती, त्यामुळे मागणी रास्तच होती. पण टेस्ट करायची कुठे? लॅबवाले फोन उचलेनात. एकाने ‘लहान मुलांचा स्वॅब घेत नाही’ म्हणून विषयच संपवला.

नवी मुंबईत, कोपरखैरण्यात तीन टाकीजवळच्या मेडिकलवाल्या काकांनी गिऱ्हाइकांची गर्दी असताना दोन-तीन ठिकाणी फोन लावून दिले. वर बजावलं, “ताई, घरी येऊन स्वॅब घ्यायचा सरकारी दर सातशे आहे. जास्त मागितले तर देऊ नका.” हे कुणी सांगत नाही हो!

आणि घरी आलेल्या त्या सिस्टर. पीपीई किटमध्ये घामाघूम. धाकटी पलंगाखाली शिरली, तर त्याही गुडघ्यांवर बसल्या. आधी तिच्या बाहुलीचा स्वॅब घेतला, लेबलसुद्धा लावलं! मग धाकटीने स्वतःच नाक पुढे केलं. थोरल्या मुलाने मात्र इमारत डोक्यावर घेतली.

दोघांचे रिपोर्ट निगेटिव्ह आले. काका, सिस्टर, मनापासून आभार. बाहुलीच्या रिपोर्टची चौकशी अजून चालू आहे.