नकाशावर गाव नको, बोरिंग दाखवा

महोदय,
यवतमाळ-चंद्रपूरकडच्या पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइडच्या (जास्त झाल्यास दात-हाडांना अपाय करणाऱ्या घटकाच्या) नकाशात अख्खे गाव एकाच रंगात दिसले, तर तो रंग सरासरीचा असू शकतो. एका विहिरीत लिटरमागे ०.६ मिलिग्रॅम आणि शंभर पावलांवरच्या खोल बोरिंगला २.४ असले, तरी सरासरी १.५ येते, म्हणजे कमाल मर्यादेत! नकाशातल्या विहीर-बोरिंगच्या ठिपक्यावर बोट ठेवून तिची खोली अन् पाण्याच्या नमुन्याची तारीख पाहावी. सगळे ठिपके ग्रामपंचायतीवरच गोळा झाले असतील, तर अक्षांश-रेखांश बहुधा खुर्चीत बसून भरलेत. जागेची नोंद बोरिंगच्या ओट्यावर उभे राहून, जीपीएसची अचूकता दहा मीटरच्या आत आल्यावरच घ्यावी. नमुन्याआधी पाच मिनिटे हापसावे, बाटली प्लास्टिकची. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट प्रमाण वाढते.

– एक वाचक, पांढरकवडा