नकाशा वाचायला शिकवणाऱ्या काकाजींना

आदरणीय काकाजी,
सादर नमस्कार.

ढिवर मोहल्ल्यातल्या बाया तुमचे आभार मानायला तुमच्या सपरीत आल्या, तेव्हा तुम्ही विषय बदलला आणि सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलं. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुमचं नाव यात येणार नाही, तशी तुमची इच्छा आहे. पण नगररचना कार्यालयातून आरेखक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने आपल्या गावासाठी काय केलं, हे झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, इतर तालुक्याच्या गावांना कळायलाच हवं. विकास आराखड्याचा असाच नकाशा उद्या त्यांच्याही भिंतीवर लागणार आहे.

तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचं शासनाने ठरवलं आणि २०१५ च्या सुमारास आपलं गावही शहरात मोजलं जाऊ लागलं. १७ प्रभाग झाले, १७ नगरसेवक आले, मुख्याधिकारी आले. काही कामं पूर्वीपेक्षा बरी होतात, हे मी तहसीलसमोरच्या माझ्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात बसून रोज पाहते. पण ग्रामसभा गेली. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, वर्षातले हे चार दिवस तरी कुणीही उभं राहून विचारू शकत होतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणून दाखवलं, आणि आपली तर ग्रामसभाच उरली नाही. अशा गावात १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा सामान्य माणसाला जी मोठी संधी देतो, ती ३० दिवसांची. प्रारूप, म्हणजे कच्चा, विकास आराखडा राजपत्रात आणि वर्तमानपत्रात प्रसिद्ध होतो, त्या दिवसापासून ३० दिवसांत हरकती आणि सूचना द्यायच्या. पुढची वीस वर्षं रस्ते कुठून जातील, बाजार कुठे भरेल, कुणाच्या शेतावर आरक्षण पडेल, म्हणजे ते सार्वजनिक कामासाठी राखलं जाईल, हे त्यावर ठरतं.

आपले ते ३० दिवस ऐन रोवणीत, म्हणजे धानाच्या लावणीत, आले. पऱ्हे काढायची घाई, मजूर मिळत नाही, माणसं पहाटेपासून बांधीत. अशा वेळी नगरपंचायतीच्या जिन्याशेजारी नकाशा लागला. लोक यायचे, निळ्या-पिवळ्या रंगांकडे बघायचे, आपलं घर कुठे आहे ते सापडायचं नाही, मग निघून जायचे. नकाशावर गट नंबर इतके बारीक होते की मोबाइलने फोटो काढून मोठा केला तरी धुरकट दिसायचे. मीही दोनदा जाऊन आले होते. मला काहीच कळलं नव्हतं.

तुम्ही रीतसर शुल्क भरून आराखड्याची प्रत घेतली. तलाठी कार्यालयातून जुन्या गावनकाशाची नक्कल काढली. दोन्ही गुंडाळ्या माझ्या काउंटरवर ठेवून विचारलंत, “पोरी, तुझी मशीन एकेक टक्क्याने लहान-मोठं करते का?” दोन नकाशांचं प्रमाण वेगळं, त्यामुळे एक दुसऱ्यावर ठेवून काहीच जुळत नव्हतं. मग मी गावनकाशाच्या तुकड्यांच्या झेरॉक्स काढत गेले, टक्का वाढवत, टक्का उतरवत, आणि तुम्ही प्रत्येक कागदावर ट्रेसिंग पेपर धरून उजेडाकडे बघत राहिलात. तलावाच्या पाळीची वाकडी रेघ आणि हनुमान मंदिराजवळचा तिठा एकाच वेळी जुळले, तेव्हा तुम्ही म्हणालात, “बस. आता हात लावू नको.” त्याच टक्क्यावर सगळे तुकडे काढले आणि सेलोटेपने जोडले. रस्त्यांच्या कडा तुम्ही लाल पेन्सिलने, आरक्षणं हिरव्या पेन्सिलने चढवलीत. आणि प्रत्येक गटाचा नंबर ठसठशीत अक्षरात लिहिलात, चष्मा नसलेल्यालाही वाचता यावा इतका.

तो जोडलेला नकाशा माझ्या दुकानाच्या शटरवर लागला, आणि गावात पहिल्यांदा आराखड्याची चर्चा सुरू झाली. दाखल्याला आलेली माणसं सातबारा हातात धरून आपला गट शोधायची. सापडला की बोट तिथेच ठेवून दुसऱ्याला हाक मारायची.

तलाव तेव्हाच लक्षात आला. आपला मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, गोंड राजांच्या काळापासून या भागात कोहळी समाजाने जसे तलाव बांधले, त्यातलाच. १९५१ ला मालगुजारी, म्हणजे इथली जुनी जमीनदारी, गेली, तलाव सरकारचा झाला, पण पाणी गावाचंच राहिलं. खालच्या बांध्यांना नहरातून पाणी, ढिवर बांधवांचे मासे आणि शिंगाडे, गुराढोरांचं पिणं. प्रारूप आराखड्यात त्या तलावाचा वरचा काठ, जिथून पावसाळ्यात येवा, म्हणजे तलावात भरणारं पाणी, येतो तो भाग, पिवळा होता. पिवळा म्हणजे रहिवास. लोक संतापले. कुणी म्हणालं कुणाचा तरी ले-आऊट आहे, कुणी आणखी काही. तुम्ही सगळ्यांना शांत केलंत आणि सांगितलंत की आराखड्याआधी विद्यमान भूवापराचा, म्हणजे आज कुठली जमीन कशाला वापरतात याचा, नकाशा होतो, त्यात उपग्रहाचं चित्र वापरतात, आणि चित्र जर उन्हाळ्यातलं असेल तर तलावाचा उथळ काठ कोरड्या पडीत जमिनीसारखाच दिसतो. “माणसावर आरोप केला तर तो सिद्ध करत बसावं लागेल. जमिनीबद्दल बोला, जमिनीचा कागद असतो.”

तो कागद तुम्हीच आठवण करून दिलात. आपल्या विदर्भात जुन्या मध्य प्रांताच्या वेळचं निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज अजून अभिलेखात आहे. गुरं कुठे चरतील, गाड्या कुठून जातील, खळं कुठे, तलावाचं पाणी कुणाला, हे गावाचे सामाईक हक्क त्यात लिहून ठेवलेले. मी इतकी वर्षं तहसीलसमोर नक्कल-अर्ज टाइप करते, पण निस्तार पत्रकाची नक्कल मागणारा अर्ज पहिल्यांदा तुमच्यासाठी टाइप केला. नक्कल मिळाली, त्यात तलावाचा पूर्ण गट पाण्याखालचा म्हणून नोंदलेला, येव्याच्या नाल्यासकट. त्या एका पानामुळे आपली हरकत तक्रार राहिली नाही, पुरावा झाली.

रस्त्याचं प्रकरण जास्त अवघड होतं, आणि काकाजी, माझ्या मते तुमचं खरं मोठेपण तिथे दिसलं. १८ मीटरचा डीपी रस्ता, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, पाळीच्या पायथ्याशी येऊन सरळ ढिवर मोहल्ल्यातून जात होता. १८ मीटर म्हणजे किती, हे कागदावर कुणाला कळत नाही. साठ फूट म्हटलं तरी डोळ्यापुढे येत नाही. तुम्ही दोरी आणि चुन्याची फक्की घेऊन निघालात. बांधीत गुडघाभर पाणी, तिथे फक्की टिकेना, म्हणून बांबूच्या कमच्या रोवून त्यांना लाल चिंध्या बांधल्या. मोहल्ल्यात मात्र फक्कीची रेघ मारली. एक रेघ एका घराच्या चुलीजवळून गेली आणि दुसरी समोरच्या घराच्या न्हाणीतून. दोन्ही घरातल्या बाया दारात उभ्या राहून मधल्या अंतराकडे बघत होत्या. त्या संध्याकाळी मोहल्ल्यातल्या ज्या बाया कधी कुठल्या बैठकीला आल्या नव्हत्या, त्या तुमच्या सपरीत नकाशाभोवती बसल्या.

“रस्ता नको” असं लिहू नका, असं तुम्ही पहिल्यापासून बजावलंत. गावाला वळणरस्ता लागणारच आहे, धानाचे ट्रक आणि ट्रॅक्टर आज बाजारातून जातात. मग पर्याय काय? जुना पांदण रस्ता. तो आधीच गावनकाशात आहे, काही भाग शासनाचाच आहे, फक्त रुंद करावा लागेल. पण रुंद करायचा म्हणजे दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांची पट्टी जाणार. तुम्ही हरकत टाइप करू दिली नाहीत. आधी त्या शेतकऱ्यांच्या घरी गेलात, एकेकाला नकाशा दाखवलात, आणि रस्ता तिथे १८ ऐवजी १२ मीटरचा मागावा यावर त्यांची संमती घेतलीत. एक घर शेवटपर्यंत तयार झालं नाही. त्यांची हरकत वेगळी लिहून द्यायलाही तुम्हीच मदत केलीत. असं करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

क्रीडांगणाच्या आरक्षणात ज्यांचं शेत आलं होतं, ते दादा तर जेवायचे बंद झाले होते. सरकारने जमीन घेतली, असंच ते धरून बसले. तुम्ही त्यांना बसवून समजावलंत की आरक्षण पडलं म्हणून सातबारा बदलत नाही. जमीन घ्यायची तर समजुतीने घ्यावी लागते, किंवा चटईक्षेत्राच्या, म्हणजे जास्त बांधकामाच्या हक्काच्या, रूपात मोबदला देऊन, नाहीतर २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे. आणि आराखडा अमलात आल्यावर दहा वर्षांत घेतलीच नाही, तर कलम १२७ ची नोटीस देता येते, त्यानंतर २४ महिन्यांत भूसंपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. हे सगळं तुम्ही माझ्याकडून एका पानावर मोठ्या अक्षरात टाइप करून घेतलंत. ते पान त्यांनी लॅमिनेट करून नेलं.

हरकती आम्ही रात्री उशिरापर्यंत टाइप करत होतो. एकच मजकूर छापून खाली सह्या गोळा करायचा सोपा मार्ग तुम्ही नाकारलात. प्रत्येकाची हरकत वेगळी हवी, गट नंबर, नेमकं काय खटकतं, त्याऐवजी काय हवं, आणि सोबत कागद. शेवटच्या आठवड्यात आवक विभागापुढे चिखलाच्या पायांची रांग लागली होती, आणि प्रत्येकीच्या हातात पोच घेण्यासाठी दुसरी प्रत होती. पोच घेतल्याशिवाय कुणी हलायचं नाही, हेही तुमचंच सांगणं.

नियोजन समितीपुढच्या सुनावणीला तुम्ही आत आला नाहीत. बाहेर कडुनिंबाखाली बसून राहिलात. तेव्हा मला याचा थोडा रागच आला होता, आज त्यामागचं कारण कळतं. ढिवर मोहल्ल्यातल्या मावशींनी स्वतः ट्रेसिंग पेपर उलगडून समितीला येवा दाखवला, पाऊस कुठून येतो आणि काठ बुजला तर पाणी कुणाच्या घरात शिरेल ते बोटाने दाखवलं. समितीतले एक जाणकार खुर्ची सोडून त्यांच्या बाजूला येऊन उभे राहिले. तुम्ही आत असता तर सगळे तुमच्याशीच बोलले असते.

तलावाचा पूर्ण गट पुन्हा पाण्याखाली दाखवावा आणि रस्ता पांदणीवरून न्यावा, अशी शिफारस समितीने केली. आठवडी बाजाराचं मात्र जमलं नाही. बाजाराच्या अर्ध्या जागेवर व्यापारी संकुल कायम आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याचा आधार आपण दिला होता. मिरच्या, जवस, लाखोळी, मोहफूल घेऊन खेड्यांवरून येणाऱ्या बायांना गाळे परवडणार नाहीत, त्यांना ओटे हवेत, हेही लिहिलं होतं. ते मान्य झालं नाही याचं मला फार वाईट वाटतं, आणि ते तुम्हालाही लागलं आहे हे माहीत आहे. पण कलम ३१ खाली शासनाची मंजुरी अजून व्हायची आहे. बाजारातल्या बायांनी शासनाला द्यायचं निवेदन तयार केलं आहे आणि त्याचा मसुदा या वेळी त्यांनी स्वतः सांगितला, मी फक्त टाइप केला.

काकीजींचेही आभार मानते. त्यांच्या घरात महिनाभर जेवणाच्या जागेवर नकाशे पसरलेले होते, आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी पोहे खाऊ घातले.

शेजारच्या तालुक्याच्या गावातल्या दोघीजणी परवा दुकानात आल्या होत्या. त्यांच्याही नगरपंचायतीचं प्रारूप लागलं आहे आणि दिवस थोडे उरले आहेत. येत्या रविवारी मोहल्ल्यातल्या मावशी, बाजारातल्या दोघी आणि मी दोरी, फक्की आणि ट्रेसिंग पेपर घेऊन तिकडे जातो आहोत. तुमच्या गुडघ्याचं दुखणं वाढलं आहे, तेव्हा तुम्ही यायचा हट्ट करू नका. त्यांच्या गावासाठी निस्तार पत्रकाच्या नकलेचा अर्ज मी टाइप केला आहे, गट नंबरच्या जागा कोऱ्या ठेवल्या आहेत. उद्या सकाळी मुलाच्या हाती पाठवते. एकदा नजरेखालून घाला आणि काही राहिलं असेल तर पेन्सिलने खूण करून द्या.

तुमची पुतणी,
तहसीलसमोरच्या झेरॉक्स-टायपिंग सेंटरमधली